गंगाजळी कोणी भरायची?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे लेखी रूप)



मंडळाने मला विषय दिला ‘हवामानबदलाचे अर्थशास्त्र’. नाव ऐकूनच दोन-चार मंडळी प्रसादाची वेळ विचारून गेली आहेत. त्यांची काळजी मला कळते. म्हणून आज मी तुम्हाला हिमनद्यांकडे किंवा ध्रुवावरच्या अस्वलांकडे नेणार नाही. लष्करातल्या माणसाला पायी जाता येईल तिथेच जाऊ, म्हणजे दाल बाजारात.

विसर्जनाच्या दिवशी आपल्याकडे वाटली डाळ होते. तिचा हरभरा, रोजच्या वरणाची तूर, सणासुदीच्या वड्यांचा उडीद, हे सगळे घाऊक बाजारातून किराणा दुकानात आणि तिथून आपल्या डब्यात येते. हवामान बदलते म्हणजे काय, हे वेधशाळा अंशांत सांगते. बाजार तेच रुपयांत सांगतो. अंश आपण वाचून सोडून देतो, रुपये मात्र मोजावे लागतात. म्हणून प्रश्न असा धरू या: हवामानाचे बिल येते तेव्हा ते कोण भरतो आणि कोणी भरायला हवे?

एक हिशेब आपल्या सर्वांच्या आठवणीतला आहे. २०१४ साली देशात पाऊस सरासरीपेक्षा १२ टक्के कमी झाला, २०१५ साली १४ टक्के कमी. लागोपाठ दोन वर्षे. २०१३–१४ मध्ये देशात १९२ लाख टन कडधान्ये पिकली होती, ती २०१५–१६ मध्ये १६३ लाख टनांवर आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तुरीची डाळ अनेक शहरांत किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. त्या दिवाळीत कितीतरी घरांत वरण पातळ झाले. त्याच दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ. तिथल्या विहिरीचा तळ दिसला आणि इथे ग्वाल्हेरात आपल्या आमटीतली डाळ कमी झाली. मधले सगळे अंतर भावाने जोडले होते.

गोष्ट इथेच संपली असती तर तिला महागाई म्हणून सोडून देता आले असते. पण पुढचे वर्ष पाहा. भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पाऊसही बरा झाला. तुरीचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर. सगळी कडधान्ये मिळून २३१ लाख टन झाली. त्यावर त्याच वर्षी ६६ लाख टन माल परदेशातून आला. हमीभाव होता क्विंटलला ५०५० रुपये आणि बाजारात तूर त्याच्या बरीच खाली विकली गेली. कडधान्यांच्या निर्यातीवरची बंदी उठली २०१७ च्या नोव्हेंबरात. तोवर बहुतेक शेतकऱ्यांचा माल हातचा गेला होता.

म्हणजे त्या शेतकऱ्याला दोनदा मार बसला. दुष्काळात भाव होता पण माल नव्हता. सुकाळात माल होता पण भाव नव्हता. आणि शहरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाने मधल्या वर्षी डाळ सोडली ती सोडलीच. बाजाराने आपले काम चोख केले. टंचाईची बातमी त्याने आपल्यापर्यंत पोहोचवली. पण बातमी पोहोचवणे वेगळे आणि नुकसान भरून देणे वेगळे. ते काम बाजाराचे नाही.

आता कोणी म्हणेल, दुष्काळ काय आज पडतात? आपल्या पणजोबांनी संवत १९५६ चा छपन्नाचा दुष्काळ पाहिला होता, तेव्हा कुठे होत्या मोटारी? आक्षेप बरोबर आहे. कुठलाही एक दुष्काळ हवामानबदलाच्या नावावर टाकता येत नाही. २०१५ मध्ये तर पॅसिफिक महासागरात जोरदार एल निनो होता. बदल झाला आहे तो वाईट वर्षांच्या हप्त्यांत. जागतिक हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता पृथ्वी एक अंशाने तापल्यावर जवळजवळ तिप्पट वेळा येऊ लागली आहे.

तिप्पट म्हणजे काय, ते दुकानदाराच्या वहीत मांडू. समजा एखादे कुटुंब चांगल्या वर्षी दहा हजार रुपये मागे टाकते आणि वाईट वर्षी त्याचे साठ हजारांचे नुकसान होते. दहा वर्षांत एकच वर्ष वाईट असेल, तर नऊ वर्षांचे नव्वद हजार जमा, साठ हजार खर्च, तीस हजार शिल्लक. घर चालते, मुलीचे लग्न होते. आता वाईट वर्ष दर चौथ्या वर्षी आले असे धरा. तीन वर्षांचे तीस हजार जमा, साठ हजार खर्च, तीस हजार कर्ज. माणूस तोच, त्याचे कष्ट तेवढेच, चांगल्या वर्षाची कमाईही तेवढीच. फक्त सावरायला मिळणारा वेळ कमी झाला आणि शिल्लक टाकणारे घर कर्जात गेले. हवामानबदलाचे सगळ्यात मोठे आर्थिक नुकसान मला इथे दिसते.

हे गव्हाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांसमोर झाले. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या दिवसांतच झळा लागल्या आणि गहू बारीक राहिला. त्याच सुमारास युक्रेनच्या युद्धाने जगातले भाव चढले होते. सरकारने १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवली. आदल्या हंगामात सरकारी खरेदी ४३३ लाख टन झाली होती, ती त्या हंगामात १८८ लाख टनांवर आली. एका गरम महिन्याने आणि एका दूरच्या युद्धाने मिळून सरकारी कोठारांची आवक निम्म्याहून कमी केली.

आणि पाण्याचे दुसरे टोक पाहायचे तर ऑगस्ट २०२१ आठवा. शिवपुरी, श्योपूर, दतिया, भिंड आणि आपला जिल्हा. सिंध नदीला असा पूर आला की दतिया जिल्ह्यात रतनगडचा पूल वाहून गेला. पूल पुन्हा बांधायचा म्हणजे सिमेंट, लोखंड, मजुरी. हा सगळा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात वाढ म्हणून धरला जातो. होते तेच पुन्हा उभे करणे याला घरात आपण प्रगती म्हणत नाही. देशाच्या हिशेबात मात्र ते तसे दिसते.

आता थोडे शास्त्र, पण आपल्या भाषेत. कारखाना कोळसा जाळतो तेव्हा कोळशाचे पैसे देतो, मजुरांचे देतो, वाहतुकीचे देतो. धुराचे पैसे कोणालाच देत नाही. धूर मात्र आकाशात साठतो आणि त्याची किंमत लातूरचा तूर पिकवणारा भरतो. अर्थशास्त्रज्ञ याला बाह्य खर्च म्हणतात. आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर उधारी झाली आहे, पण ती कोणाच्याच खात्यावर मांडलेली नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या आपल्या अहवालात ही उधारी मोजण्याचा प्रयत्न केला. काहीच केले नाही तर जगाचे दरवर्षी निदान ५ टक्के उत्पन्न कायमचे जाईल, आणि सगळे धोके धरले तर २० टक्क्यांपर्यंत; धूर आवरायला येणारा खर्च मात्र सुमारे १ टक्का, असे त्यांचे गणित होते.

त्यावर मोठा वाद झाला आणि तो वाद दाल बाजारातल्या कुठल्याही जुन्या पेढीला लगेच समजला असता, कारण तो हुंडीच्या वटणावळीचा वाद होता. शंभर वर्षांनी होणारे नुकसान आज किती रुपयांचे धरायचे? वर्षाला १.४ टक्के वटणावळ धरली, तर शंभर वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत सुमारे २५ रुपये होते. ५ टक्के धरली तर ती ७६ पैसे होते. स्टर्न यांनी दर अगदी कमी धरला. २०१८ चे नोबेल मिळालेले अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाऊस यांनी तो कितीतरी जास्त धरला आणि म्हटले की खर्च हळूहळू वाढवावा. दोघेही विद्वान. पण दराच्या मागे एक साधा प्रश्न लपला आहे: अजून जन्माला न आलेल्या पणतवंडाचा रुपया आपण चार आण्यांचा मानतो की पाऊण पैशाचा? याचे उत्तर गणितात नाही, संस्कारात आहे. ज्यांनी आमराया लावल्या त्यांनी ५ टक्क्यांनी हिशेब केला नव्हता.

वाद जगाच्या भविष्याचा. आपल्या देशातला आजचा हिशेब त्याहून जवळचा आहे. केंद्र सरकारच्या २०१७–१८ च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे की हवामानबदलामुळे शेतीचे उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्के घटू शकते आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्के. हा कोरडवाहू भाग कोणता? प्रामुख्याने कडधान्यांचा. पंजाबच्या भाताला कालवा आहे, वीज आहे, खात्रीची सरकारी खरेदी आहे. तुरीला आभाळ आहे.

आणि गंमत पाहा, याच पिकाची एक जमाही कोणी मांडत नाही. हरभरा, तूर, मूग यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. त्यामुळे पुढच्या पिकाला युरिया कमी लागतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला शेतकरी पावणेतीनशेच्या आत पैसे देतो, बाकीचा मोठा भार सरकारी तिजोरी उचलते. जो गोण्या जास्त वापरतो त्याला अनुदान जास्त मिळते. जो हरभरा पेरून युरिया वाचवतो त्याला वाचवल्याबद्दल काहीच मिळत नाही. २०१६ मध्ये अरविंद सुब्रमण्यम यांच्या समितीने हेच म्हटले होते: कडधान्ये पाणी वाचवतात, जमीन सुधारतात, हवा कमी बिघडवतात, तर हा फायदा हमीभाव ठरवताना धरा आणि २० लाख टनांचा राखीव साठा ठेवा. धुराचा खर्च खात्यावर नाही आणि डाळीची जमाही खात्यावर नाही. अशा वहीवर चाललेला धंदा किती दिवस टिकेल?

आता आपल्या बाजाराच्या दुखण्याकडे येतो, कारण समोर व्यापारी मंडळीही बसली आहेत. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्याआधीच, २ जूनला, केंद्राने तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली होती: घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन. सप्टेंबरात घाऊकचे २०० चे ५० झाले. २०२४ च्या जूनमध्ये तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा मर्यादा आली. ग्राहकाला हे बरे वाटते आणि भाव चढत असताना माल दाबून ठेवणारे लोक नाहीत असे कोण म्हणेल? पण दुसरी बाजूही ऐका. सुगीत माल घेऊन टंचाईत विकणारा व्यापारी हा एक प्रकारे वाईट दिवसांसाठी धान्य राखणारा असतो. वाईट वर्षे वाढणार असतील तर देशाला साठवण जास्त लागणार. तेव्हा खासगी कोठार आवरायचे असेल तर सार्वजनिक कोठार तेवढे भरलेले पाहिजे. आणि ते भरायची वेळ भाव पडलेले असतात तेव्हाची, म्हणजे २०१७ सारख्या वर्षाची. त्याच वेळी शेतकऱ्याचा माल हमीभावाने उचलला, तर त्याचा दुसरा मार वाचतो आणि पुढच्या टंचाईत आपला पहिला. एकाच पैशात दोन कामे.

वाईट दिवसांसाठी राखलेल्या पैशाला मराठीत फार सुंदर शब्द आहे: गंगाजळी. आज वर्तमानपत्रांत परकीय चलनाची गंगाजळी असा शब्द आपण वाचतो. ग्वाल्हेरकराला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. शिंद्यांची गंगाजळी किल्ल्याच्या तळघरांत होती. युद्ध आणि दुष्काळ यांसाठी राखलेली. १८८६ साली जयाजीराव महाराज गेले तेव्हा युवराज माधवराव जेमतेम दहा वर्षांचे होते आणि खजिन्याचे गुपित सांगायचे राहून गेले, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पुढे खजिना सापडला आणि माधवराव महाराजांनी तो पुरून न ठेवता कामाला लावला, असे सांगतात. त्यांच्याच काळात सांक नदीवर तिघऱ्याचे धरण झाले. खडकवासल्याला प्रथम वापरलेले आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी तिथे बसवले. १९१७ मध्ये धरण फुटले, ते पुन्हा बांधले आणि आजही हे शहर त्याचे पाणी पिते. तीही गंगाजळीच, पाण्याची.

राजाची गंगाजळी राजा भरत असे, अर्थात रयतेच्या साऱ्यातून. लोकशाहीत ती कोणी भरायची? याचे एक उत्तर महाराष्ट्राने देऊन ठेवले आहे आणि आपण मराठी माणसे त्याचा पुरेसा अभिमान बाळगत नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली. मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली आणि ती सोलापूर-बीडच्या बांधावर मजुरी म्हणून पोहोचू लागली. त्या मजुरीतून तलाव झाले, बांध झाले, रस्ते झाले. योजनेत भ्रष्टाचार झाला, कामे कच्ची झाली, हे सगळे खरे. पण दुष्काळाचे बिल एकट्या शेतकऱ्याने भरायचे नाही, हे तत्त्व कायद्यात आले. १९७७ चा तो कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा त्याच वाटेने आला.

पीकविम्यातही तेच तत्त्व आहे. २०१६ पासून खरीप अन्नधान्याला शेतकऱ्याचा हप्ता २ टक्के, रब्बीला दीड टक्का. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. भरपाई वेळेवर न मिळण्याची तक्रार गावोगाव आहे आणि ती दूर झालीच पाहिजे, कारण उशिरा आलेली भरपाई सावकाराचे व्याज फेडण्यातच जाते.

घराचे तेच जगाचे. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत; त्यांना गणपतीच्या फोनवर हे ऐकवून वाद घालू नका, पण आकडा लक्षात ठेवा. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केले की २०२० पासून दरवर्षी १०० अब्ज डॉलर गरीब देशांसाठी उभे करू. तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, असे त्यांच्याच संघटनेचे म्हणणे. नुकसानभरपाईचा वेगळा निधी शर्म अल-शेखच्या परिषदेत २०२२ मध्ये मान्य झाला. जुन्या उधारीच्या मानाने हा पैसा फार थोडा. तो मागायचा आपला हक्क आहे. मात्र मागताना आपल्याच देशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याशी आपण शहरातली, वातानुकूलित खोलीतली माणसे कशी वागतो, हेही कोणी विचारेल. आपल्या विजेचा धूर त्याच्याही शिवारावर जातो.

तेव्हा आपण काय करायचे? डाळ महागली की आपण सरकारला जाब विचारतो. ती हमीभावाखाली जाते तेव्हाही तेवढ्याच आवाजात विचारू या, कारण पुढच्या टंचाईचे बी तिथे पेरले जाते. वाईट वर्षासाठी एखादा छोटा कर किंवा उपकर लागला, तर तो लावू नका असे म्हणण्याआधी तो कुठे खर्च झाला याचा हिशेब मागू या. आणि व्यापारी बांधवांनी आपला साठा किती हे लपवण्याऐवजी, सार्वजनिक कोठार किती भरले आहे हे उघड विचारण्यात पुढाकार घ्यावा. त्यात त्यांचे आणि ग्राहकाचे हित एकच आहे.

गंगाजळी चांगल्या वर्षीच भरावी लागते. वाईट वर्षी ती फक्त उघडता येते. यंदा ज्यांच्या घरी बरे वर्ष आहे, त्यांनी हे मनात धरावे, एवढेच माझे मागणे आहे.

 गणपती बाप्पा मोरया.